पडला तो निर्दोष, राहिला तो गुन्हेगार?

दिवाळीच्या चार दिवसांत भांडू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. वर्षभर बांधावरून कोर्टकचेऱ्या करणारे भाऊबंददेखील पाडव्याला एका पंक्तीस बसतात आणि एकमेकांच्या ताटात करंजी वाढतात. दिवाळी अंकाचेही तसेच असते. संपादकांनी माझ्याकडे गोष्ट मागितली होती. गोष्ट लिहावयास मी तीनदा बसलो. पण दरवेळी मन गावाबाहेरच्या एका वळणावर जाऊन अडले. तेव्हा यंदा गोष्ट नाही, भांडणच आहे. वाचकांनी चकली मोडता मोडता ते ऐकून घ्यावे, आणि न पटल्यास फराळ संपल्यावर माझ्याशी खुशाल भांडावे.

या भांडणाला सुरुवात माझ्याच ओसरीवर झाली. गेल्या भाऊबीजेला बहीण मुलाबाळांसह आली होती. सोयाबीन घरात येऊन पडले होते, त्याला मिळणाऱ्या भावाच्या नावाने बोटे मोडून झाली होती आणि जेवणानंतर मोठी माणसे लवंडली होती. भाच्याने मोबाइलवर मोटारसायकलींच्या शर्यतीची एक जुनी चित्रफीत लावली. स्थळ मलेशियातील सेपांग, तारीख २५ ऑक्टोबर २०१५. इटलीचा व्हॅलेंतिनो रॉसी आणि स्पेनचा मार्क मार्केझ हे दोघे एकमेकांना पुन्हा पुन्हा ओलांडत होते. सातव्या फेरीत एका वळणावर रॉसीने आपली गाडी बाहेर बाहेर नेत मार्केझची वाट रोखली. दोघांची अंगे भिडली आणि मार्केझ पडला. भाचा रॉसीच्या पक्षाचा, पुतण्या मार्केझच्या. एक म्हणे, मार्केझ त्याला मुद्दाम छळत होता. दुसरा म्हणे, रॉसीने लाथ मारली. आवाज चढले. लवंडलेली माणसे उठून बसली. तेव्हा आमच्या मेहुण्यांनी, ज्यांनी उभ्या आयुष्यात लूनापलीकडे काही चालवले नाही, निकाल देऊन टाकला :

"पडला त्याचा काय दोष, बापा? जो उभा राह्यला, त्यानंच पाडलं असन!"

सगळ्या ओसरीला हा निकाल पटला. आमच्या आईनेदेखील मान डोलावली. मी मात्र काही बोललो नाही. कारण हाच निकाल गळ्यात शिट्टी अडकवून मी एकदा दिलेला आहे. ती हकीकत पुढे येईल. आज मला भांडावयाचे आहे ते या निकालाशी. पडलेला तो बिचारा आणि उरलेला तो अपराधी, हे मत ऐकावयास दयाळू वाटते. पण ते न्यायाचे मत नव्हे. आणि ते केवळ शर्यतीच्या मैदानावर राहत नाही. घरात, शाळेत, रस्त्यावर सगळीकडे आपण त्याच मापाने मोजत असतो.

ज्या वाचकांना, विशेषतः भगिनींना, या शर्यतींचे काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आपल्या वऱ्हाडात शर्यत म्हटली की शंकरपट. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली, १६ डिसेंबर २०२१ रोजी महाराष्ट्राला अटी घालून परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. पटाला पुन्हा माणसे लोटू लागली आहेत. पटात जोडी आपापल्या वाटेने धावते आणि निकाल घड्याळावर लागतो. पुण्याकडच्या घाटात तर एका वेळी एकच बारी सुटते. दुसऱ्याच्या वाटेत शिरून त्याला मागे टाकावयाचे, हा प्रकार तिथे नाही. म्हणून तिथले तंटे सेकंदाचे असतात, धडकेचे नसतात.

मोटारसायकलीची शर्यत याच्या अगदी उलट. वीसएक स्वार एकाच रस्त्यावर एकदम सुटतात. सरळ रस्त्यावर त्यांचा वेग ताशी ३५० किलोमीटरच्याही पुढे जातो. वळण आले की काही क्षणांत तो निम्म्याहून खाली आणावा लागतो आणि गाडी इतकी कलती करावी लागते की स्वाराचे कोपर जमिनीला घासते. त्या क्षणी चाकाचा जेवढा भाग जमिनीस टेकलेला असतो तो तळहाताएवढाच. प्रत्येक वळणातून सर्वांत वेगाने निघण्याची वाट एकच, आणि ती सगळ्यांना हवी असते. पुढच्याला ओलांडायचे तर त्याच्यापेक्षा उशिरा ब्रेक लावून वळणाच्या आतल्या बाजूस शिरावे लागते. थोडा जास्त उशीर झाला की धडक. थोडा कमी झाला की ओलांडणे साधत नाही. म्हणजे धडकेची जोखीम पत्करल्याशिवाय ओलांडणे नाही आणि ओलांडल्याशिवाय शर्यत नाही.

हे जग आमच्यापासून फार दूर आहे असेही नाही. चाकणच्या कारखान्यातून निघालेली नारिंगी केटीएम आज आमच्या तालुक्याच्या गावी चहाच्या टपरीसमोर उभी दिसते, आणि त्याच नावाच्या गाड्या जगातल्या या सर्वांत मोठ्या शर्यतीत धावतात. २४ सप्टेंबर २०२३ रोजी ती शर्यत प्रथमच भारतात, दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडात झाली. आदल्या दिवशीच्या छोट्या शर्यतीत पहिल्याच वळणावर लुका मारीनी हा स्वार आपल्याच संघाच्या मार्को बेत्सेक्कीवर मागून आदळला. बेत्सेक्की सर्वांच्या मागे पडला, तरी तिथून पाचवा आला आणि दुसऱ्या दिवशीची मुख्य शर्यत त्याने जिंकली. हाड मोडले ते मारीनीचे. आता आमच्या मेहुण्यांच्या मापाने इथे गुन्हेगार कोण? बेत्सेक्की! कारण हाड शाबूत राहिले ते त्याचे. माप किती खोटे आहे ते एवढ्या एका उदाहरणावरून दिसावे.

पण माप खोटे आहे म्हणून ते वापरले जात नाही असे नव्हे. १० एप्रिल २००५ रोजी स्पेनमधील हेरेथच्या शर्यतीत शेवटच्या फेरीच्या शेवटच्या वळणावर रॉसी आतून शिरला. सेते जिबर्नाव त्याच्यावर आदळून बाहेरच्या खडीत गेला. तो सावरला आणि दुसरा आला. रॉसीला काहीही शिक्षा झाली नाही. १५ मे २०११ रोजी फ्रान्समध्ये ल मान्सच्या शर्यतीत मार्को सिमोनचेल्लीने दानी पेद्रोसाला ओलांडताना त्याच्यापुढे गाडी घातली. पेद्रोसा पडला, त्याचे गळ्याखालचे हाड मोडले. सिमोनचेल्लीला शिक्षा झाली : गाड्या दुरुस्तीसाठी थांबतात त्या बाजूच्या गल्लीतून हळू वेगाने जाऊन यावे लागले. हे दोन प्रसंग तंतोतंत सारखे होते असे मी म्हणणार नाही. मधल्या सहा वर्षांत पंचांची नजरही बदलली असेल. पण मनाशी एवढेच विचारावे : जिबर्नाव पडून त्याचे हाड मोडले असते आणि पेद्रोसा सावरला असता, तर लोकांच्या तोंडचे निकाल हेच राहिले असते काय? छातीवर हात ठेवून 'होय' म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.

त्याच सिमोनचेल्लीचा अंत त्याच वर्षी, २३ ऑक्टोबर २०११ रोजी सेपांगला झाला. त्याची गाडी घसरून रस्त्यात आडवी आली आणि मागून येणारे दोन स्वार त्याच्यावर आदळले. त्या दोघांना थांबण्यास वेळच नव्हता. सिमोनचेल्ली चोवीस वर्षांचा होता. आदळलेल्या दोघांपैकी एक होता रॉसी, त्याचा जवळचा मित्र. याहून मोठे नुकसान ते कोणते? तरीही त्या दोघांना शिक्षा झाली नाही, आणि कोणी विचारी माणसाने ती मागितलीही नाही. का? कारण चूक नव्हती. म्हणजे प्रसंग पुरेसा भयंकर झाला की आपल्या सर्वांना कळते, नुकसान आणि चूक या दोन निराळ्या गोष्टी आहेत. साध्या प्रसंगात मात्र आपण ते विसरतो.

आता दुसरी तक्रार. चूकच मोजावयाची म्हटले तर ती एकाच काट्याने मोजली पाहिजे. जून २०२२ मध्ये बार्सिलोनाच्या शर्यतीत पहिल्याच वळणावर ताकाकी नाकागामी हा जपानी स्वार ब्रेक लावताना पडला आणि त्याने बान्याया व रिन्स या दोघांना बरोबर नेले. रिन्सचे मनगट मोडले. नाकागामीला शिक्षा झाली नाही. त्याच महिन्यात, तीन आठवड्यांनी, नेदरलँड्समधील आसेनला फाबिओ क्वार्तारारो हा त्या वेळचा जगज्जेता आलेइश एस्पार्गारोला ओलांडावयास गेला आणि स्वतःच पडला. एस्पार्गारो खडीत ढकलला गेला. पण तो पडला नाही, मागून येऊन चौथा झाला. क्वार्तारारोला मात्र शिक्षा मिळाली : पुढच्या शर्यतीत 'लाँग लॅप', म्हणजे वळणाच्या बाहेरून आखलेल्या लांबच्या वाटेने एकदा जाऊन दोन-तीन सेकंद गमवावयाचे. पहिल्या फेरीतील गर्दीस सूट द्यावी असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. गर्दीत तर हात अधिक आवरून धरला पाहिजे. पण सूटच द्यावयाची असेल तर ती नियमात लिहावी आणि सर्वांस सारखी द्यावी. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२३ मध्ये हेरेथला पहिल्या फेरीतल्याच गर्दीतील धडकेबद्दल त्याच क्वार्तारारोला पुन्हा 'लाँग लॅप' मिळाली. मग ती पहिल्या फेरीची सूट कोठे गेली?

आणि तिसरी तक्रार, जी आम्हा मास्तर लोकांना लगेच कळावी. २६ मार्च २०२३ रोजी पोर्तुगालमधील पोर्तिमाओला मार्केझने ब्रेक लावताना चूक केली आणि मिगेल ऑलिव्हेराला त्याच्याच देशवासीयांसमोर जमिनीवर लोळवले. चूक उघड होती. मार्केझनेही ती नाकारली नाही. पंचांनी पुढच्या, अर्जेंटिनाच्या, शर्यतीत दोनदा 'लाँग लॅप' अशी शिक्षा लिहून दिली. पण त्याच धडकेत मार्केझचे अंगठ्याजवळचे हाड मोडले होते. तो अर्जेंटिनास जाणारच नव्हता. तेव्हा पंचांनी आपला लेखी निकाल बदलला, की तो ज्या शर्यतीत परत येईल तिथे शिक्षा भोगावी. त्याच्या संघाने अपील केले आणि मे महिन्यात ती शिक्षा रद्द झाली. अपराधी सुटला! सुटला तो निर्दोष होता म्हणून नव्हे. पेपर तपासून झाल्यावर गुणांची वाटणी बदलली म्हणून सुटला. ज्या मास्तराने उत्तरपत्रिका पाहिल्यानंतर प्रश्नाचे गुण पाचाचे तीन केले, त्याच्याकडे सर्वांत वाह्यात पोरगाही न्याय मागू शकतो, आणि त्याला तो द्यावा लागतो.

आता आमच्या ओसरीवरच्या सेपांगच्या खटल्याकडे पुन्हा वळतो. रॉसीला तीन दंडगुण मिळाले. आधीचा एक जमेस होता, म्हणून चार झाले. आणि त्या वेळच्या नियमाप्रमाणे चार गुण झालेल्याने पुढची शर्यत सर्वांच्या मागून सुरू करावयाची. ती पुढची शर्यत वर्षातली शेवटची होती. रॉसी त्यात मागून चौथा आला आणि जगज्जेतेपद पाच गुणांनी होर्हे लोरेन्झोकडे गेले. रॉसीचे भक्त म्हणतात, शिक्षा फार झाली, कारण जेतेपद गेले. मार्केझचे भक्त म्हणतात, शिक्षा थोडी झाली, कारण सेपांगचा तिसरा क्रमांक त्याच्याकडेच राहिला. गंमत पाहा. दोन्ही पक्ष निकालाकडे बघून शिक्षा मोजत आहेत. त्या वळणावर रॉसीने केले ते नियमात बसत होते की नाही, एवढाच प्रश्न होता. माझ्या मते बसत नव्हते. दुसऱ्याची वाट रोखण्यासाठी स्वतःची वाट सोडणे ही चूकच. मार्केझ पडला नसता तरीही ती चूकच होती. आणि मार्केझने आधी छळले असेल तर त्याची विचारणा त्याच्या खात्यावर निराळी व्हावी.

कोणी म्हणेल, 'मास्तर, तुमचे तत्त्वज्ञान ठीक आहे. पण ज्याचे हाड मोडले त्याला काय सांगता?' हा प्रश्न खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. मोडलेल्या हाडाची भरपाई झाली पाहिजे. पण भरपाई निराळी आणि शिक्षा निराळी. आपल्या मोटार वाहन कायद्याने हा भेद केलेला आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल २०२२ पासून रस्त्यावरील अपघातात मृत्यू आल्यास ५ लाख आणि गंभीर दुखापत झाल्यास अडीच लाख रुपये, चूक कोणाची ते सिद्ध न करताही, मागता येतात. ही झाली भरपाई. ती नुकसान पाहते. उलट त्याच कायद्यात नियम मोडून धोकादायक रीतीने दुसऱ्या वाहनास ओलांडणाऱ्याला दंड आणि कैद सांगितली आहे. त्यात कोणी पडलाच पाहिजे अशी अट नाही. ही झाली शिक्षा. ती कृत्य पाहते.

यावर वकील मंडळी म्हणतील, निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास आपला फौजदारी कायदाही शिक्षा वाढवतो. वाढवतो, हे मान्य. पण आधी निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. नुकसान हे चुकीचे वजन वाढवील. जिथे चूक नाही तिथे ते चूक निर्माण करू शकत नाही. आणि नुकसान झाले नाही म्हणून झालेली चूक पुसलीही जात नाही. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो. त्यावर आडवीतिडवी गाडी घालून 'झाले का कोणाला काही?' असे हसत विचारणारा जो माणूस असतो, तो माझ्या मते अपघात केलेल्या अनेकांपेक्षा मोठा अपराधी आहे. त्याचा अपघात फक्त व्हावयाचा राहिलेला आहे.

दुसरे कोणी म्हणेल, 'अहो, खेळच तो! त्याच्यासाठी दिवाळीत एवढा आटापिटा कशाला?' खेळ खरा. पण ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईजवळच्या धावपट्टीवर अशाच शर्यतीत १३ वर्षांचा एक मुलगा दगावला. त्याच्या आईबापांना 'खेळच तो' असे कोण सांगेल? शिवाय मुले न्याय शिकतात त्या खेळातच शिकतात. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून ती फक्त व्याख्या पाठ करतात. मैदानावर मास्तर शिट्टी कशी वाजवतो, कोणाकडे पाहून वाजवतो, ते त्यांना आयुष्यभर लक्षात राहते.

आणि आता ती हकीकत.

आमच्या शाळेत प्रजासत्ताकदिनी सायकलींची शर्यत होते. शाळेपासून फाट्यापर्यंत जावयाचे आणि परत यावयाचे. परतीच्या वाटेवर, गावात शिरताना, एक आखूड वळण आहे. पंच म्हणून तिथे मी उभा असतो. काही वर्षांपूर्वी एका मुलाने त्या वळणावर पुढच्या मुलास कोपराने सरळ ढकलले. मी डोळ्यांनी पाहिले. ढकललेला मुलगा रस्त्याकडेच्या पऱ्हाट्यांच्या ढिगात जाऊन पडला आणि केस झाडत, हसत उठला. पोरे हसली. मीही हसलो. ढकलणाऱ्यास पहिले बक्षीस मिळाले, आणि ते त्याला देताना टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो.

पुढच्याच वर्षी, त्याच वळणावर, दुसरी दोन मुले. मागचा मुलगा आतल्या बाजूने आला. जागा होती, त्याचे पुढचे चाक पुढच्या मुलाच्या पायापर्यंत आलेलेही होते. पुढच्या मुलाने न पाहता सायकल आत घेतली, चाके अडकली आणि तो पडला. या वेळी पऱ्हाट्या नव्हत्या, गिट्टी होती. मनगट मोडले. मुलगा ओरडू लागला, त्याची आई धावत आली, गर्दी जमली. आणि मी, हातात शिट्टी असलेला शहाणा माणूस, तिथल्या तिथे निकाल देऊन मोकळा झालो. मागून आलेल्या मुलाचा पहिला क्रमांक रद्द, आणि दोन वर्षे शाळेच्या कोणत्याही खेळात भाग नाही. गर्दीला बरे वाटले. मलाही वाटले.

संध्याकाळी त्या मुलाचा बाप घरी आला. शेतमजूर माणूस. दारातच उभा राहिला, बस म्हटले तरी बसला नाही. म्हणाला, "मास्तर, माह्या पोराचं चुकलं असन तर मारा त्याले. पण काय चुकलं, ते तं सांगा."

मी म्हणालो, "अहो, त्या पोराचा हात मोडला ना!"

"हात मोडला ते मलेही दिसते. मी त्याच्या घरी जाऊनच आलो. चूक कोणती, ते इचारतो."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. उत्तर नव्हते म्हणून मी आवाज चढवला, शिस्तीवर चार वाक्ये सुनावली. तो ऐकून घेऊन निघून गेला. निकाल मी बदलला नाही. बदलला असता तर मास्तराची पत गेली असती, असे मला तेव्हा वाटले. मुलाने त्यानंतर शर्यतीचे नाव काढले नाही. सायकल चालवी ती किराणा आणण्यापुरती.

हे मी माझ्या कबुलीजबाबासाठी सांगत नाही. माझ्या हातून झाले तेच शर्यतीच्या पंचांकडून होते, आणि तेच घराघरांत होते, हे दाखवण्यासाठी सांगतो. ज्याच्या हातून फराळाची बरणी फुटली त्याच्या पाठीत धपाटा. जो रोज तीच बरणी आदळून ठेवतो, त्याला कोणी काही म्हणत नाही. मग मूल काय शिकते? जपून वागावे हे ते शिकत नाही. फुटण्याच्या वेळी आपण जवळ नसावे, एवढे मात्र शिकते.

तेव्हा निव्वळ टीका न करता, काय व्हावे ते सांगतो. धडक झाली की पंचाने आधी पडलेल्याकडे माणूस म्हणून धावावे. त्याला उचलावे, पाणी द्यावे, डॉक्टरकडे पाठवावे. पण निकाल देताना त्याच्या जखमेकडे पाठ करून तीन प्रश्न विचारावे. आत शिरावयास जागा होती काय? धडकेपूर्वी मागच्याचे चाक पुढच्याच्या बरोबरीस आलेले होते काय? आपला वेग त्याला आवरता येत होता काय? तिन्हींचे उत्तर 'होय' असेल तर कोणाचे काहीही मोडो, शिक्षा नाही. एकाचे जरी उत्तर 'नाही' असेल, तर कोणी हसत उठला तरी शिक्षा झालीच पाहिजे. मुद्दाम ढकलले असेल तर ती दुप्पट व्हावी. कोणत्या चुकीस कोणती शिक्षा, ते शर्यतीपूर्वी फळ्यावर लिहिलेले असावे आणि शर्यतीनंतर त्यातले अक्षर बदलू नये. जगज्जेत्यास आणि नवख्यास, देणगीदाराच्या मुलास आणि शेतमजुराच्या मुलास, ती एकच असावी. शिक्षा शक्यतो त्याच शर्यतीत भोगून संपावी. ज्याचा त्या दिवशी तोटा झाला त्याला पुढच्या महिन्यातील शिक्षेचा काय उपयोग? आणि शेवटचे, पण माझ्या मते पहिले : निकालापूर्वी दोघांनाही बोलू द्यावे, आणि निकालाबरोबर कारण सांगावे. ज्या शिक्षेचे कारण सांगता येत नाही, ती देऊ नये.

यात खर्च काही नाही. आमच्या शाळेत गेल्या दोन वर्षांपासून असा फळा लागतो. तंटे संपलेले नाहीत. पण आता मुले तंटा करतात तो जागा होती की नव्हती यावर. हाताला किती लागले यावर करीत नाहीत. एवढी प्रगती मला पुरे वाटते.

गेल्या भाऊबीजेच्या त्या दुपारनंतर मला राहवले नाही. तो मुलगा आता मोठा झाला आहे, तालुक्याच्या गावी मोटारसायकली दुरुस्त करतो. गाडीची साखळी सैल झाल्याचे निमित्त काढून मी गेलो. काम चालू असताना म्हणालो, "त्या वर्षी माझं चुकलं रे. तुझा काही दोष नव्हता." त्याने पाना खाली ठेवला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "जाऊ द्या, मास्तर. मले शिक्षेचं काही वाटलं नाही. तुमी मले इचारलंच नाही, त्याचं वाटलं."

साखळीचे पैसे त्याने घेतले नाहीत. मी आग्रह केला तरी घेतले नाहीत.

वाचकहो, या दिवाळीत तुमच्या घरी मुले जमतील. काहीतरी फुटेल, कोणीतरी पडेल, कोणीतरी रडेल. हात उगारण्यापूर्वी दुसऱ्या मुलाला एकदा विचारा. आणि आमच्या मेहुण्यांसारखे कोणी निकाल देऊ लागले, तर त्यांच्या ताटात एक करंजी वाढून त्यांना थोडा वेळ गप्प बसवा.